गच्ची गळतेय, पावसाआधी घरीच कोटिंग मारू का?

सांगलीकर: २० वर्षं जुना स्लॅब आहे, गेल्या पावसात हॉलच्या कोपऱ्यात ओल आली, रंगाचे पोपडे सुटलेत. कॉन्ट्रॅक्टर अव्वाच्या सव्वा सांगतोय. डबा आणून ब्रशने मारलं तर चालेल का?

कोकणी बाप्या: चालेल पण नुसतं वरून थापू नका राव, मी तेच केलं आणि जुलैत परत हॉलमध्ये बादली. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडा, भेगा छिन्नीने व्ही आकारात उघडा, धूळ काढून क्रॅक फिलर भरा, नीट वाळू द्या आणि मगच दोन हात, एक उभा एक आडवा. कठड्याच्या कडेला सिमेंटची गोलाई द्या, पाणी बहुतेक तिथूनच शिरतं.

माई_पुणे: त्याआधी गच्चीवर दोन बादल्या ओतून बघा. पाणी साचलं तर उतारच चुकलाय, मग कोटिंग किती टिकणार? आणि पाइपाच्या तोंडात पाला अडकलाय का तेही बघा, आमच्याकडे तेवढंच निघालं 😄

सांगलीकर: उद्याच ओततो. छिन्नी शेजारच्या काकांकडे आहे, पण गेल्या वर्षीची शिडी अजून परत दिली नाहीये...