शब्दचर्चा: बेचिराख गावात राख कुठली?

प्रश्न: 'आगीत वस्ती बेचिराख' हे मथळे ओळखीचे आहेत. पण महसुली कागदांत आग न लागलेले, नुसते ओस गावही बेचिराख असते. ते कसे? आणि त्याजागी ओसाड, उजाड चालेल का?

उत्तर: फोड बे-चिराख अशी करा. 'बे' म्हणजे विना, 'चिराग' म्हणजे दिवा, दोन्ही फारसी. मराठीत चिरागचे चिराख झाले आणि शेवटच्या दोन अक्षरांनी लोकांना राखेकडे नेले. तिन्हीसांजेला जिथे दिवा लावायला माणूस उरला नाही, ते बेचिराख. दुष्काळ, लढाई, पटकी, वसुलीचा जाच, कारण कोणतेही असो. शब्द त्याबद्दल काहीच सांगत नाही. दफ्तरात त्याचा अर्थ नेमका असे: गावाचे नाव आणि शीव कायम, वस्ती नाही. अशी जमीन पुन्हा लागवडीला यावी म्हणून मराठेशाहीत इस्ताव्याचा कौल देत. सुरुवातीला सारा अगदी हलका, मग दरसाल चढता, मुदत भरली की पूर्ण दर. 'बेचिराग गाव' ही नोंद आजही भेटते.

दुसरे मत: व्युत्पत्ती मान्य, पण जळण्याचा अर्थ आता रुजला आहे, त्याला चूक म्हणू नये. मात्र शब्द वस्तीपुरताच ठेवावा. 'कडब्याची गंजी बेचिराख' खटकते, कारण गंजीत दिवा कोण लावणार? तिथे 'जळून खाक' म्हणा.

पुरवणी: ओस हा संस्कृत 'उद्वस'वरून आला, म्हणजे वस्ती उठून गेलेला. तो बहुधा 'पडणे'बरोबर येतो आणि ही अवस्था पालटू शकते: संचारबंदीत रस्ते ओस पडतात, ती उठली की भरतात. ओसाड मात्र टिकाऊ. म्हणूनच 'ओसाड गावची पाटीलकी' असते, ओस गावची नव्हे. नुसती न कसलेली जमीन पडीक; तिला ओसाड म्हटले तर शेजारी राहणाऱ्यांना उगाच उठवल्यासारखे होते. भकास हा पाहणाऱ्याच्या मनाचा शब्द आहे. भरल्या घरातही भकास वाटू शकते, ओसाड वाटले तर ती अतिशयोक्ती.

उजाड बहुतेक झाडे-पिके गेलेल्या माळाला, डोंगराला लागतो. त्याचे क्रियापद करताना जपा. 'गाव उजाडले' लिहिलेत तर वाचक पहाट झाली असे समजेल. 'गाव उजाड झाले' असेच लिहा.