गावाच्या रोजच्या जगण्याची छायाचित्रे कशी काढावीत?

प्रश्न (यावल तालुका):
एरवी लग्नसमारंभांची कामे करणारे आम्ही काही छायाचित्रकार आता केळीची कापणी, खापरावरचे मांडे, श्रावणातील कानबाई देवीचा उत्सव अशा आपल्या जगण्याची नोंद ठेवू इच्छितो. परंतु केळीच्या बागेत चेहरे हिरवट येतात आणि चुलीजवळ चित्र काळवंडते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (रावेर):
हिरवटपणा पानांतून गाळून येणाऱ्या उजेडाचा असतो. म्हणून मजूर घड खांद्यावर घेऊन बागेबाहेर येतात त्या वाटेवर थांबावे, किंवा पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातील रंगांचा समतोल) जुळवून घ्यावा. मांड्यांसाठी फ्लॅश मुळीच वापरू नये. दोन्ही हातांवर झुलत कोपरापर्यंत पसरणारा मांडा आणि जाळाने खालून उजळलेला चेहरा हेच त्या चित्राचे सर्वस्व आहे. दाराचा उजेड एका बाजूने येईल असे उभे राहावे आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवावा. चित्र थोडे रवाळ आले तरी चालेल.

उत्तर (नंदुरबार):
होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात आदिवासी स्त्रियांच्या दागिन्यांवर न विचारता कॅमेरे रोखले जातात, हे मला फार खटकते. आधी परवानगी घ्यावी आणि नंतर छापील प्रत आवर्जून पोहोचवावी.

उत्तर (धुळे):
व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवलेले छायाचित्र लहान होते व त्यातील मूळ तारीखही निघून जाते. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवावी आणि गाव, शिवार, हंगाम व चाललेले काम त्याच दिवशी लिहून ठेवावे.