पाच किलोत बॅटरी का मोजायची?

बाल्सा_भुसा: एफ३ए, म्हणजे एफएआयचा (हवाई खेळांची जागतिक संघटना) रेडिओ-कंट्रोल मॉडेल विमानांच्या हवाई कसरतींचा, एरोबॅटिक्सचा प्रकार. पंख २ मीटर, लांबी २ मीटर, वजन ५ किलो, एवढ्यात विमान बसवायचं. इथवर तक्रार नाही. पण वर्षानुवर्षं चालत आलेली मोजणी बघा. इंजिनवाल्याचं विमान रिकाम्या टाकीने काट्यावर चढतं, आमचं इलेक्ट्रिक मात्र बॅटरीसकट. दहा सेलचा ५००० एमएएचचा पॅकच सव्वा किलोच्या आसपास. मागच्या वेळी घरी ५०३२ ग्रॅम भरलं. स्टीलचे स्क्रू काढून नायलॉनचे लावले, वायरी आखडल्या, पोटाखालचा रंग पॉलिशपेपरने घासला. ४९९१! रात्री दीड वाजता. उडताना जे वजन असतं तेच दोघांचंही मोजा, मर्यादा साडेपाच करा.

चारस्ट्रोक: भाऊ, अर्धीच गोष्ट सांगताय. अर्धा लिटर इंधन म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि ते जळत जातं. सुरुवातीच्या लूपला हाताशी असलेलं विमान शेवटच्या स्पिनला तेच राहत नाही. तुमचं वजन उतरेपर्यंत तेवढंच. थरथर नाही, तेल पुसणं नाही. एवढं सुख बॅटरीने दिलं, तर तिचं ओझंही सोसा. इतका अन्याय असता तर मोठ्या स्पर्धांत बहुतेक सगळे इलेक्ट्रिकवर गेले असते का?

बाल्सा_भुसा: गेले, पण खिसा रिकामा करून. हलका पॅक घ्यायला जा, मग कळेल.

नवशिका: इलेक्ट्रिकच्या बॅटरीला ४२.५६ व्होल्टची मर्यादा आहेच ना? मग वजनाची कशाला?

चारस्ट्रोक: व्होल्टेज बांधलं तरी करंट मोकळाच. पॉवर म्हणजे दोन्हींचा गुणाकार. वजन सैल सोडलं की मोठा पॅक, जाड वायर, दांडगी मोटर. शिवाय २ मीटरच्या चौकटीत पोट हवं तेवढं फुगवता येतं, आणि उलटसुलट फिरणारे दोन प्रॉपेलर लावायलाही रान मोकळं. मग बघा खर्च कुठे जातो. काटा आहे म्हणून लगाम आहे.

बाल्सा_भुसा: कसला लगाम! दोन प्रॉपेलरवाले आजही पाच किलोत बसवतातच. पैसेवाला कार्बनचं अंग घेतो, मी रंग खरवडत बसतो.

चारस्ट्रोक: साडेपाचची मर्यादा केली तर तुम्ही ५५३२ घेऊन याल. लावता पैज?

बाल्सा_भुसा: पैज नंतर. आधी ते नायलॉनचे स्क्रू बदलतो, परवा उतरताना एक तुटला.