कोल्हापुरात परत आलेय. चित्रकार मंडळी कुठे भेटतात? प्रदर्शन, स्पर्धा यांची सुरुवात कुठून करू?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. बारा वर्षं पुण्यात नोकरी केली. आता सासूबाईंच्या तब्येतीमुळे आम्ही कोल्हापुरात परत आलोय, मंगळवार पेठेत. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला 'अ' श्रेणीही होती. त्यानंतर ब्रश हातात घेतला तो एकदम लॉकडाऊनमध्ये. तेव्हापासून जलरंग सुटलेला नाही. कपाटामागे साठेक चित्रं उभी आहेत. बघणारे दोघंच, नवरा आणि कामाला येणाऱ्या मावशी. त्यातल्या त्यात मावशी खरं बोलतात.

मला क्लास नकोय. चार चित्रकारांत बसायचंय, जमलं तर दोन-तीन चित्रं कुठेतरी भिंतीवर लावायची आहेत. आणि कुठल्या स्पर्धेत पैसे भरावेत, कुठल्यात भरू नयेत, तेही सांगा. मागच्या वर्षी एका 'आंतरराष्ट्रीय' ऑनलाइन स्पर्धेत आठशे रुपये भरले. पंधरा दिवसांत 'एक्सलन्स अवॉर्ड'चं ई-प्रमाणपत्र आलं, ट्रॉफी हवी असेल तर आणखी अठराशे. माझ्या चुलतबहिणीलाही तोच अवॉर्ड मिळाला. तिनं तिच्या सहा वर्षांच्या पोराचं चित्र पाठवलं होतं.

ड्रॉइंगमास्तर
ताई, आठशे रुपयांत शहाण्या झालात, स्वस्तात सुटलात. माझ्या ओळखीत पाच-पाच हजार घालवलेले आहेत.

आधी एक विचारतो. तुम्ही जागेवर बसून काढता की फोटोवरून? आपल्या गावात ओळख होते ती जागेवर. आबालाल रहिमान (१८६०–१९३१) मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकले आणि परत येऊन इथल्याच पाण्याकाठी बसले. कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा. शाहू महाराज १९२२ ला गेले, त्या दुःखात त्यांनी आपली चित्रं कोटीतीर्थात बुडवली असं सांगतात. खरंखोटं सोडा, पण कोल्हापुरातला निसर्गचित्रकार अजून पाण्याकाठीच सापडतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेसहा-सातला पंचगंगा घाटावर जा, नाहीतर रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या बाजूला. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की संध्यामठ उघडा पडतो, तेव्हा तर जागा धरावी लागते. बोर्ड मांडीवर घेतलेला माणूस दिसला की शेजारी बसायचं. ओळख करून द्यायला लागत नाही. अर्ध्या तासात कुणीतरी मागून वाकून बघतोच आणि "पाणी जरा जास्त झालंय" म्हणतो. झाली ओळख.

मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पोरांना वर्गात जे सांगून कळलं नाही, ते घाटावर न सांगता कळलं.

तिरकी_रेघ
काकू, मी इथंच आर्ट कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे. सरांचं बरोबर आहे, पण कार्यक्रमांचंही सांगतो.

सगळ्यात भारी म्हणजे रंगबहार या कलासंस्थेची 'मैफल रंगसुरांची'. थंडीत टाऊन हॉलच्या बागेत असते. झाडांखाली एकेक जण मांडून बसलेला असतो, कुणी पोर्ट्रेट करतोय, कुणी मातीत डोकं घडवतोय, आणि बाजूला गाणं चालू. तिकीटबिकीट नाही. तिथं फिरलं तरी गावातले निम्मे चित्रकार एका सकाळी दिसतात. मी अकरावीत असताना पहिल्यांदा गेलो. एक जण शिल्पाला नाक लावत होता, ते बघत दोन तास तिथंच उभा होतो. घरी येऊन बोलणी खाल्ली.

दुसरं, दळवीज आणि कलानिकेतन या इथल्या आर्ट कॉलेजांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नका. पोरांची कामं असतात, पण बघायला गावातले सगळे सीनिअर येतात. शाहू स्मारकच्या कलादालनात वर्षभर काही ना काही असतंच. दसरा चौकातून जाताना दारावरचा बोर्ड वाचायची सवय लावा, इन्स्टावर सगळं येत नाही.

कोरा_कागद
ताई म्हण रे बाबा, काकू नको. 😄 मास्तर, मी फोटोवरूनच काढते. बाहेर बसायची लाज वाटते. लोक बघतात.

ड्रॉइंगमास्तर
बघू देत की. म्हशीसुद्धा बघतात.

ओला_वॉश
मी पुण्यातून. जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नये. घाटावर बसणं छानच, पण गावातल्या गावात एकमेकांना 'वा वा' करण्यात दहा वर्षं जातात हेही मी पाहिलंय. तुमचं काम तुम्हाला न ओळखणाऱ्यांसमोर ठेवा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ ची. दोन्हींची वार्षिक प्रदर्शनं असतात, परीक्षक चित्रं निवडतात आणि नाकारतातसुद्धा. ज्या स्पर्धेत कुणीच नापास होत नाही तिथं पैसे भरायचे नाहीत, एवढी एक चाळणी ठेवा. कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शनही आहे. त्यात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा आणि कलाकारांचा वेगळा, तुम्ही दुसऱ्यात बसाल.

अलीकडे बहुतेक ठिकाणी आधी फोटो मागवतात, निवड झाली की मग मूळ चित्र. म्हणून फोटो नीट काढा. ट्यूबलाइटखाली काढू नका, सकाळी खिडकीपाशी सावलीत काढा, चारही कडा सरळ यायला हव्यात. माझी पहिली दोन वर्षं पिवळ्या फोटोंपायी वाया गेली.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीचं स्वप्न आत्ता नको. १९५२ पासूनचं दालन, स्वतंत्र प्रदर्शनाच्या तारखेसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. पण फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाच्या नऊ दिवसांत एकदा जाऊन या. गर्दी नको असेल तर डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, तुम्हाला मुंबईपेक्षा गोवाच जवळ.

तिरकी_रेघ
"गावातल्या गावात वा वा"?? सर, आमच्यात वा वा कोण करत नाही. मागच्या महिन्यात एकानं माझं चित्र बघून "कागद कुठला वापरतोस?" एवढंच विचारलं.

चौकटवाला
फ्रेमचं दुकान आहे, म्हणून धंद्याचं बोलतो. ताई, मुंबईला पाठवणार असाल तर काच लावू नका, ॲक्रिलिक शीट लावा. ट्रान्सपोर्टमध्ये काच फुटली की पहिला ओरखडा चित्रावरच. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, ॲसिड-फ्री मागा. स्वस्त माउंटची कापलेली कड दोन पावसाळ्यांत पिवळी पडते, आणि लोक म्हणतात चित्रकाराचा कागद वाईट. आणि चित्रं एकाच मापात काढा. २२ x ३० इंचाचा पूर्ण कागद किंवा त्याचा अर्धा १५ x २२, यातलं एक धरलं की तीच फ्रेम पुढच्या चित्राला वापरता येते. हौशी लोक दर चित्राला वेगळं माप काढतात आणि माझं भलं करतात.

भिंतीचं म्हणाल तर एकटीनं हॉल घेऊ नका. पाच-सहा जण मिळून घ्या, भाडं आणि रिकाम्या तारखा तिथल्या ऑफिसातच जाऊन विचारा. भाड्यापेक्षा फ्रेमा, टेम्पो आणि उद्घाटनाचा चहा यातच जास्त जातात. माझ्या एका गिऱ्हाइकानं उद्घाटनाला दोनशे जणांचा नाश्ता सांगितला होता, आले चाळीस. चित्र एकही गेलं नाही, उपमा मात्र आठवडाभर पुरला.

ड्रॉइंगमास्तर
अजून एक राहिलं. बघायलाही जात जा. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. लोकांना नट म्हणून माहीत, पण निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंग बघा त्यांचं. माझ्या अनुभवात दुपारी तिथं तुम्ही आणि पंखा, तिसरं कोणी नसतं. एक दिवस काढून सातारा जिल्ह्यातल्या औंधचं भवानी संग्रहालयही करा. १९३८ चं, तिथले राजे पंतप्रतिनिधी यांनी उभारलेलं. रविवर्म्यांची 'सैरंध्री' तिथं आहे, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्पही. पुण्या-मुंबईकरांना सांगितलं तर पटत नाही.

कोरा_कागद
वृत्तांत देते. गेले रविवारी. पावणेसातला घाटावर, नवरा सोडून पळाला. सहा-सात जण होते. धुकं इतकं की समोरचा काठ दिसत नव्हता, नुसती देवळांची टोकं. मी सवयीनं आकाशाचा ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, टाकला आणि वाळायची वाट बघत बसले. घरी पंख्याखाली दहा मिनिटांत वाळतो, इथं पंचवीस मिनिटं झाली तरी कागद थंडगार ओला. धीर सुटला, त्यावरच शिखरं काढायला गेले. रंग पसरून मधोमध फुलकोबीसारखा डाग उमटला.

शेजारचे आजोबा काही बोलले नाहीत. खिशातून टिपकागद काढला, डागावर एकदाच दाबला आणि म्हणाले, "आता हात लावू नका. चहा पिऊन या." चहा पिऊन आले तर त्या डागाचंच धुकं झालं होतं. साठ चित्रांत असं एकदाही जमलेलं नाही. आजोबांना नाव विचारायचं राहिलं.

ओला_वॉश, तुमचंही ऐकतेय. पाच चित्रं बाजूला काढलीत, फोटो सकाळच्या उजेडात परत काढणार. मावशींनी त्यातली दोन बाद केली.

येत्या रविवारी रंकाळ्यावर आहेत म्हणे सगळे. घरून काय काय आणू?

तिरकी_रेघ
स्टूल आणा ताई. मागच्या वेळी तुम्ही माझं घेऊन बसला होतात, मी दीड तास पायरीवर होतो.

कोरा_कागद
अगं बाई! तो तू होतास होय?