शब्दचर्चा: ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

तर्जुमा: अमेरिकेतल्या जमीन-करारांवरच्या मजकुरात ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’ वारंवार येतं. ‘संवर्धन सुविधाधिकार’ चालेल का? त्याच जमिनीत तेल-वायू काढायची मुभाही आहे, तिथे वाक्य अडतं.

दिवाणी: नको. १८८२ च्या कायद्यामुळे ‘सुविधाधिकार’ म्हटलं की शेजारच्या शेतातून जायची वाट, पाटाचं पाणी, खिडकीचा उजेड हेच डोळ्यांपुढे येतं. त्याला दोन मिळकती लागतात: एकीच्या सोयीसाठी दुसरीवर हक्क. इथे सोय होणारी मिळकतच नाही. मालक प्लॉट पाडणं, घरं बांधणं असे आपलेच काही हक्क सोडतो, आणि ते पाळलं जातंय का हे बघायचा, वेळ पडल्यास कोर्टात जायचा अधिकार एखाद्या भूविश्वस्त संस्थेला (लँड ट्रस्ट, जमिनी जपणारी संस्था) किंवा सरकारी खात्याला देतो. ‘वहिवाट’ तर मुळीच नको, कारण इथे वहिवाटतंय कोण? मी ‘संवर्धन-बंधन’ लिहीन.

तर्जुमा: ‘संवर्धन-बोजा’? सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यामुळे लोकांना सवयीचा आहे.

दिवाणी: बोजा म्हणजे सोसायटीचं कर्ज, फेडलं की उतरतो. करसवलत घेऊन दिलेलं बंधन कायमचं असावं लागतं आणि जमीन विकली तरी नव्या मालकावर चालतं.

खडकवाला: त्याआधी ‘जमीनमालक’ हा शब्द मजकुरातून काढा. तिकडे वरची जमीन एकाची आणि खालची खनिजं दुसऱ्याची असू शकतात. १९१६ च्या स्टॉक-रेझिंग होमस्टेड कायद्याखाली गुरं पाळायला दिलेल्या सरकारी जमिनींतली खनिजं तर केंद्र सरकारनं स्वतःकडेच ठेवली. म्हणून ‘भूपृष्ठमालक’ आणि ‘खनिजमालक’ असे दोन शब्द पाहिजेत. टेक्ससमध्ये खनिजांचा हक्क वरचढ मानतात: तेल काढायला वाजवी लागेल तेवढा पृष्ठभाग, म्हणजे रस्ता आणि विहिरीचा पॅड (विहिरीसाठी सपाट केलेली जागा), खनिजमालक वापरू शकतो. आजोबांनी खनिजं विकून टाकली असतील, तर नातवानं लिहून दिलेलं बंधन खनिजमालकाला बांधत नाही. अनुवादात ‘बंधनामुळे तेलविहिरींना मनाई’ असं सरसकट आलं की वाचक फसला.

तर्जुमा: मग ‘सबऑर्डिनेशन’ कुठे बसतं?

दिवाणी: हक्कांच्या क्रमात. आधी नोंदलेला तेल-वायू पट्टा (लीज, म्हणजे तेल-वायू काढायचा भाडेकरार) नंतरच्या बंधनाच्या वर राहतो. पट्ट्यावरची मूळ मुदत उलटलेली दिसली म्हणून तो मेला असं समजू नये; उत्पादन चालू तोवर तो जिवंत असतो. त्यामुळे खनिजांच्या मालकीचा शोध वेगळा घेतात, जिवंत पट्टे तपासतात, मग पट्टेदाराशी पृष्ठभाग-वापराचा करार करतात: पॅड कुठे, रस्ता किती रुंद, वरची माती वेगळी साठवून शेवटी परत कशी पसरायची. गहाण असेल तर बँकेनं आपला हक्क बंधनाच्या खालच्या क्रमावर घ्यावा लागतो. मी ‘दुय्यमता-पत्र’ म्हणेन. ‘अधीनता’ ऐकून बँक कुणाची चाकर झाली असं वाटतं.

खडकवाला: ‘नो सरफेस ऑक्युपन्सी’ला ‘पृष्ठभाग-वर्ज्य पट्टा’. मार्सेलस शेल या तिकडच्या वायूच्या खडकथरात विहिरीचं तोंड शेजारच्या जमिनीवर ठेवून खाली आडवं खोदता येतं, आडवा भाग दोन-दोन मैल जातो. बंधनातल्या कुरणावर खुंटीसुद्धा ठोकायची नाही, तरी खालचा वायू निघतो.

दिवाणी: ‘सरफेस मायनिंग’ला मात्र नुसतं ‘खाणकाम’ लिहू नका, ‘उघडी खाण’ लिहा. अमेरिकी आयकराच्या कलम १७०(एच) मध्ये सगळं या फरकावर आहे. उघड्या खाणीला कधीही वाव ठेवला की वजावट गेली. विहिरीसारखी दुसरी पद्धत चालू शकते, पण परिणाम मर्यादित, ठरावीक जागेपुरता आणि जे जपायचं त्याची कायमची नासाडी न करणारा हवा. खनिजं दुसऱ्याची असतील तर उघड्या खाणीची शक्यता नगण्य वाटावी इतकी दूरची लागते, म्हणून भूवैज्ञानिकाचं पत्र जोडतात. त्या पत्रानं विहिरी थांबत नाहीत, हे अनुवादात निसटू देऊ नका.

तर्जुमा: ‘ॲकॉमोडेशन डॉक्ट्रिन’? यंत्रानं ‘निवास सिद्धांत’ दिलंय.

खडकवाला: वा, म्हणजे तेलपंपाला खोलीच मिळाली! ‘जुळवून घेण्याचं तत्त्व’ म्हणा. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा गेटी ऑइल विरुद्ध जोन्स निकाल बघा. शेतातली फिरती तुषार सिंचन यंत्रणा ७ फुटांहून उंच अडथळ्यावरून जाईना, आणि कंपनीचे पंप त्याहून कितीतरी उंच. दुसऱ्या एका कंपनीनं तर पंप खड्ड्यात बसवले होते. पृष्ठभागाचा वापर आधीपासून चालू असेल आणि तेलवाल्याला वाजवी पर्याय असेल, तर त्यानं तो घ्यावा.

तर्जुमा: शेवटचं, ‘पाइपलाइन ईझमेंट’ही आहे. तिथेही ‘बंधन’च का?

दिवाणी: नाही, ‘वापरहक्क’. आपल्याकडे १९६२ च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्यात हीच कल्पना आहे: जमीन शेतकऱ्याचीच राहते, नळीच्या पट्ट्यात बांधकाम, विहीर, झाड नाही, आणि वापरहक्कापोटी बाजारभावाच्या १० टक्के मिळतात. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ईझमेंट’ असलं तरी मराठीत एकच शब्द वापरू नका. पाइपलाइन जर बंधनातल्या जमिनीतून जात असेल, तर दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतील.