घरात कुणी ख्रिस्ती झालं, तेव्हा काय काय बदललं? (अनुभव धागा)

उद्यमनगरी
काल माळा झाडताना ट्रंकेत पप्पांची चंची सापडली. अजून तंबाखूचा वास! पप्पांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी पाचवीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कामाला होते, शनिवारी पगार झाला की आईच्या पोटात गोळा यायचा. सगळ्यांना वाटतं, पाण्यात बुडून वर आले आणि दारू सुटली. तसं काही नाही. दोनदा घसरले, चर्चचे पाळक सायकलवरून शोधून घरी आणायचे. दारू सुटली तरी तंबाखू पुढं चार वर्षं होती. शिव्या तर विचारूच नका. हातोडी बोटावर बसली की "च्यायला! प्रभू, क्षमा कर" हे एका दमात. रविवारचं मटण मात्र सुटलं नाही, फक्त रांगेत उपासना झाल्यावर उभं राहायचे, तोवर चांगलं मटण संपलेलं असायचं. तुमच्याकडं काय काय बदललं? लिहा.

पांढरा_रस्सा
च्यायला-प्रभू 😂😂 आमची आजी पायरीवर ठेच लागली की अजून "अंबाबाई गं!" म्हणते. तीस वर्षं झाली बाप्तिस्म्याला. मग इकडंतिकडं बघते, कुणी ऐकलं का.

बावडेकरीण
भाजी फोडणीला टाकून लिहितोय. मी लग्न होऊन आलो तेव्हा सासरी नुकताच प्रभू स्वीकारलेला. सासूबाईंनी कुंकू पुसलं, मला कुणी काही बोललं नाही. मंगळसूत्र आहेच, वाटीच्या जागी क्रूस. हळदीकुंकवाला गल्लीतनं बोलवणं यायचं बंद झालं, ते मात्र लागलं मनाला.

पुणेकर_७७
"आलो"? ताई की दादा?

बावडेकरीण
ताईच हाय. कोल्हापुरात बायका आलो-गेलोच म्हणतात. भाजी करपली तुमच्या नादानं.

सासनकाठी
माझं मत वेगळं आहे, राग नको. मोठा भाऊ दर चैत्राला जोतिबाला सासनकाठी धरायचा, गुलालात ओळखू यायचा नाही. ख्रिस्ती झाल्यापासून डोंगरावर येत नाही. चांगला वागतो, आईच्या औषधाचा सगळा खर्च तोच करतो. पण प्रसाद हातात दिला की ताटाच्या कडेला ठेवतो. आई काही बोलत नाही, त्याच्यामागं तो उचलून स्वतः खाते. त्याचं देवाशी काय ते असू दे, मला आईचा तो हात बघवत नाही.

उद्यमनगरी
भावा, वाचून गप्प झालो. आमच्या आत्यानं पण बरीच वर्षं घरचं पाणी घेतलं नव्हतं.

पाचवी_पिढी
आम्हाला लोक विचारतात, "कधी बाटलात?" अहो, वाइल्डर मिशनरी कोल्हापुरात आले १८५२ साली! पणजोबांच्याही आधीची गोष्ट. आणि सगळंच बदलायला लागतं असं कुणी सांगितलं? नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-कीर्तन सोडलं नाही, उलट उपासनेत आणलं. आमच्याकडं पेटी, तबला, टाळ आहेतच. पंडिता रमाबाई १८८३ ला इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, तिथल्या थंडीतही शाकाहारीच राहिल्या.

पांढरा_रस्सा
शाकाहारी? कोल्हापुरात जमलं नसतं त्यांना.

दाखला_हरवला
कागदाचं पण बोला की कुणीतरी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीसाठी हिंदूच. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती झालं की सवलत जाते. आमच्या वस्तीत कित्येकांनी म्हणून बाप्तिस्माच घेतला नाही, रविवारी मात्र पहिल्या रांगेत. वडिलांनी घेतला. माझ्या फीच्या वेळी ते रात्रभर अंगणात बसून होते. मी तेव्हा लई भांडलो त्यांच्याशी. आता ते नाहीत.

बावडेकरीण
😔

सासनकाठी
@दाखला_हरवला सलाम दादा. भाऊ पण हल्ली नमस्काराऐवजी असाच सलाम करतो.

पुणेकर_७७
जेवणाआधीच्या प्रार्थनेचं कुणी लिहिलं नाही? मित्राकडं गेलो होतो, मी दोन घास खाऊन बसलो आणि सगळे डोळे मिटून. घास तोंडातच धरून बसलो!

उद्यमनगरी
आम्ही भावंडं एक डोळा उघडा ठेवायचो, नळीची हाडं कुणाच्या ताटात जातात बघायला.

पांढरा_रस्सा
चंचीचं काय केलंस मग?

उद्यमनगरी
आईनं धुऊन वाळत टाकलीय. बटणं ठेवणार म्हणे.