बागेला हात कधी लागला? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांचे अनुभव

मृग जवळ आला की बेळगावात ज्याला त्याला रोपं लावायची हुक्की येते. आषाढात त्यातली निम्मी कुजतात आणि श्रावणापर्यंत हौसही. जे टिकतात ते कशापायी टिकतात, हे ऐकायचंय. 'मन रमतं', 'वेळ जातो' ही उत्तरं नकोत, ती सगळ्यांनाच येतात. वय काय होतं, जागा किती, माती कसली, आणि छंद पोटापाण्याला लागला असेल तर पोट खरंच भरतं का, ते लिहा.

माझं थोडक्यात: टिळकवाडी, भाड्याचं घर, बँकेतली नोकरी, सुरुवात चाळिशीत, झाड मोगरा. डिसेंबरात मोगऱ्याचं पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची, मग छाटून शेणखत घालायचं, की उन्हाळ्यात फुलं. वर्षभर लाडानं पाणी पाजलेल्या मोगऱ्याला नुसता पाला येतो. झाडाला उपाशी ठेवून फुलवायचं, ही गोष्टच मला पहिल्यांदा आवडली. फुलांचं कौतुक नंतर.

शहापूर, वय ७४
आमचं घर विणकरांचं. माग बंद झाले तेव्हा साठी ओलांडली होती, पण हात गप्प बसेनात. शेजारच्या माळ्यानं गुलाबाचा डोळा, म्हणजे नवी फूट येणारी जागा, दुसऱ्या झाडावर भरायला शिकवलं. रानगुलाबाच्या खुंटावर सालीला टी आकाराचा काप घ्यायचा, हव्या त्या गुलाबाचा डोळा पातळ सालीसकट काढून आत सरकवायचा, डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधायचा. तुटलेला धागा जोडायचा तसंच काम, फरक इतकाच की इथं गाठ दिसत नाही. थंडीत केलं तर तीन-चार आठवड्यांत कळतं: डोळा हिरवा राहिला तर जगला, काळा पडला तर गेला.

आता गल्लीतली पोरं विचारतात, "आजोबा, काय करायलाय?" सांगतो, "एका झाडावर दोन रंग आणायलोय." मग बसतात बघत. चष्मा लागतो, कंबर लागत नाही. स्टुलावर बसून होणारं काम आहे. गुडघे गेलेल्यांनी कुंडी टेबलावर घ्यावी.

खानापूर
इकडं पाणी घालायचा प्रश्नच नाही, पाणी काढायचा आहे. जून ते सप्टेंबर माझी बाग म्हणजे निचऱ्याचा कारभार. कुंड्या इथल्याच कुंभारांच्या, मातीच्या, प्लॅस्टिकच्या एकदम बंद. तळाच्या भोकावर कौलाचे तुकडे, मग जाडी वाळू, मग माती. दुसरा शत्रू हुमणी, मातीतली अळी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते आणि मुळं खाऊन टाकते, म्हणून खत पूर्ण कुजलेलं, हातात घेतल्यावर वास न येणारं हवं. तिशीत सुरू केलं. कारण विचाराल तर, चार महिने घरात कोंडून पडण्यापेक्षा छत्री घेऊन बाहेर उभं राहायला काहीतरी निमित्त लागतं.

उचगाव, माजी सैनिक
पोट भरतं का, त्याचं उत्तर देतो.

मराठा लाईट इन्फंट्रीतून चाळिशीच्या आत पेन्शनवर आलो. आमच्या भागात पुढचा रस्ता ठरलेला असतो: बँकेत नाहीतर एटीएमवर सिक्युरिटी गार्ड. मी वेंगुर्ला रोडला नर्सरी टाकली. आंबोली घाट चढून कोकणातनं हापूसची कलमं येतात, काजूत वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती मागतात. ही विक्री सगळी पावसाळ्याच्या तोंडावर. तेवढ्या दिवसांत जे हातात येतं त्यावर वर्ष काढायचं, म्हणून नुसत्या कलमांवर बसलेला माणूस मार्चमध्ये उधारीवर येतो. मी अपार्टमेंटच्या बागांची देखभाल घेतली, महिन्याचा पैसा बांधलेला. गणपती-दसऱ्याला झेंडू-शेवंती. डाळिंब-लिंबाची गुटी कलमं आता घरीच बांधतो: बोटाएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिक आवळायचं, मुळं दिसली की खालून कापायचं.

पेन्शन नसती तर पहिली दोन-तीन वर्षं निघाली नसती, हे स्पष्ट सांगतो. तरुण पोरांनी कर्ज काढून उडी मारण्याआधी एखाद्या नर्सरीत एक पावसाळा राबावं. गिऱ्हाईक पाचशेची कुंडी मुकाट घेतं आणि वीस रुपयांच्या रोपाला घासाघीस करतं, ते पचतंय का बघावं.

निपाणी
वरच्या फौजीसाहेबांशी अर्धा सहमत. कर्ज काढून उडी नको, हे खरं. पण 'आधी राबा' कुणाला परवडतं? घर चालवणाऱ्या बाईला नाही. मी घरामागच्या काळ्या मातीत कढीपत्ता, गवती चहा आणि तुळशीची रोपं करते, पिशवीत भरून शेजारपाजारी विकते. काळी माती पिशवीत दगड होते, त्यात निम्मी वाळू आणि शेणखत मिसळावं लागतं. भांडवल दुधाच्या रिकाम्या पिशव्या. फार मिळत नाही, पण ते माझ्याच पर्समध्ये राहतं.

अरभावी, उद्यानविद्येच्या तिसऱ्या वर्षाला
मी इथली सगळ्यात लहान दिसतेय. गोकाकजवळच्या अरभावीचं आमचं कॉलेज बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाखाली येतं. चार वर्षांची पदवी. शेतकऱ्यांच्या मुलांना राखीव जागा आहेत आणि त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा असते; बी, खत, अवजार ओळखायचं. मी मराठी शाळेतली, कन्नड बोलायला इथंच सुटले, तेही शिक्षकांपेक्षा बागेतल्या बायकांमुळं. त्या खुरपं कसं धरायचं ते दाखवतात, मी त्यांना पिठ्या ढेकूण, ही झाडावरची पांढरी कीड, भिंगातून दाखवते. घरी अजून विचारतात, "एवढं शिकून माळीच होणार काय गे?" होईनही. पॉलिहाऊस सांभाळणारा, ऊतिसंवर्धनाच्या (टिश्यू कल्चरच्या) प्रयोगशाळेत काम करणारा, बागायत खात्यात अधिकारी, हे सगळे याच पदवीतून जातात. आईला खात्याची नोकरी हवीय, मला पॉलिहाऊस.

येळ्ळूर (आजी सांगतेय, नात टाईप करतेय)
"मला कुणी वय विचारलं नाही, तुम्हीच पहिले. ऐंशीच्या वर असेल. आमची भाताची शेती, बासमतीची, त्याला कुणी छंद म्हणत नाही. परसातली अबोली तेवढी माझी. पहिला पाऊस पडला की वाळलेली बोंडं तडतड फुटतात आणि बी उडून कुठंही पडतं. त्यातनं आलेली रोपं उचलून ओळीत लावायची. दुसरं काय?"

खानापूर
आजींना विचारा, पिवळी अबोली आहे का? माझ्याकडं नुसती केशरी.

येळ्ळूर
आहे म्हणतेय. बी कागदात बांधून ठेवलंय, पण तुमच्याकडच्या मातीच्या दोन कुंड्या आल्याशिवाय देणार नाही.